उसाच्या फडातला साप आणि ढिगाऱ्यातला रोबोट: अडथळा चुकवायचा की वापरायचा?

कुठे बोगदा कोसळला, बोअरवेलमध्ये मूल पडलं, इमारत खचली की दोन-तीन तासांत मोबाईलवर एक प्रश्न फिरायला लागतो. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाकडे आत पाठवायला एक रोबोट नाही का? प्रश्न रागातून येतो, पण चुकीचा नाही. त्याचं उत्तर मात्र "सरकारला काळजी नाही" एवढं सोपंही नाही.

१२ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन दिवाळीत, उत्तराखंडमधल्या सिल्क्यारा बोगद्यात ४१ मजूर अडकले. मध्ये साधारण साठ मीटर मलबा होता. त्यांचे चेहरे जगाला पहिल्यांदा दिसले २१ नोव्हेंबरला. सहा इंची पाइपातून एक लवचिक कॅमेरा आत सरकवला होता. पुढे लोखंडी सळ्या आणि जाळ्यांत अडकून ड्रिलिंगचं मोठं यंत्र तुटलं. शेवटचे काही मीटर 'रॅट होल' पद्धतीने काम करणाऱ्या मजुरांनी हाताने खोदले, तेव्हा २८ तारखेला सगळे बाहेर आले. २२ फेब्रुवारी २०२५ ला तेलंगणात श्रीशैलम डावा कालवा बोगद्याचं छत कोसळलं, आठ जण अडकले. तिथे रोबोट नेले होते. पण आत पाणी, चिखल आणि बोगदा खोदणाऱ्या यंत्राचे तुकडे असा रबडा झाला होता. शोध पुढे सरकला तो बऱ्याच अंशी केरळ पोलिसांच्या कुत्र्यांमुळे. अनेक आठवड्यांच्या प्रयत्नांनंतर दोनच मृतदेह मिळाले.

दोन्हीकडे अडचण एकच होती. तंत्रज्ञान होतं, पण वाट नव्हती. रोबोट फॅक्टरीच्या सपाट फरशीवर कमाल करतो, ढिगाऱ्यात गेला की रुततो. आणि ज्याला वाट लागतच नाही असा एक प्राणी आपल्या बांधावर रोज दिसतो.

बीडमधली प्रयोगशाळा

बीड जिल्हा म्हटलं की दुष्काळ आणि ऊसतोड या दोन गोष्टी आधी आठवतात. दिवाळी झाली की इथल्या वाड्या-वस्त्यांवरून लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. त्यातल्या कुणालाही विचारा, फडात साप कसा पळतो. मोकळ्या रस्त्यावर दिसलेली धामण आणि उसात शिरलेली धामण यांच्यात फरक असतो. गुळगुळीत डांबरावर ती वळवळ जास्त करते आणि पुढे कमी जाते. उसात शिरली की क्षणात दिसेनाशी होते.

वास्तविक उलटं व्हायला हवं ना? फडात पावलापावलावर उसाचं कांडं आडवं येतं, खाली पाचट असतं. माणूस तिथे धावूच शकत नाही. मग सापाचा वेग तिथे का वाढतो?

याचं उत्तर केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ जेम्स ग्रे यांनी १९४६ मध्ये मांडलं. त्यांचे प्रयोग साधे होते: गुळगुळीत पृष्ठभागावर खुंट्या उभ्या करायच्या आणि त्यामधून साप सोडायचा. म्हणजे उसाच्या फडाचं छोटं मॉडेलच म्हणा. त्यातून दिसलं की साप खुंटीला चुकवत नाही. तो अंगाची बाजू खुंटीला टेकवतो आणि ढकलतो. खुंटी हलत नाही, म्हणून साप पुढे जातो.

गर्दीच्या लालपरीत मागच्या सीटवरून पुढच्या दारापर्यंत जाणारा माणूस आठवा. गाडी घाटात वळणं घेतेय. तो डावीकडच्या सीटचा दांडा धरून स्वतःला पुढे लोटतो, मग उजवीकडचा. सीट हा अडथळाही आहे आणि आधारही. साप हेच करतो, फक्त हातांशिवाय आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी. डावीकडच्या आणि उजवीकडच्या रेट्यांतला आडवा भाग एकमेकांना मारतो, पुढच्या दिशेचा भाग शिल्लक राहतो. यासाठी किमान तीन ठिकाणी टेकू लागतो, हेही ग्रे यांनी दाखवलं. एका खुंटीवर साप नुसता फिरेल, दोनवर तोल जाईल, तिसरी मिळाली की गाडी सुरू.

आपल्या भाषेत घाटाच्या रस्त्याला 'नागमोडी' म्हणतात. पण घाट नागमोडी असतो तो डोंगर चुकवण्यासाठी. नाग वळतो तो ढकलण्यासाठी. शब्द एकच, कारणं उलटी.

फरशीवर घसरणारा, भिंतीवर चढणारा

खुंट्याच नसतील तर? मोकळ्या मैदानातही साप चालतोच. त्याचं गुपित पोटाखाली आहे. पोटावरचे रुंद खवले कौलांसारखे एकावर एक असतात, उघडी कड शेपटीकडे. पुढे सरकताना ते गुळगुळीत, मागे किंवा बाजूला घसरताना ते जमिनीत अडकतात. अमेरिकेतले डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये बेशुद्ध केलेले साप उतरत्या फळीवर ठेवून हे घर्षण मोजलं. कापडासारख्या खरखरीत पृष्ठभागावर बाजूच्या दिशेचं घर्षण पुढच्या दिशेच्या जवळपास दुप्पट भरलं. शिवाय साप वेटोळ्याचा काही भाग किंचित उचलून वजन हवं तिथे टाकतो. चालताना आपण एक पाय उचलून दुसऱ्यावर भार देतो, तसंच काहीसं. अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर खवल्यांना पकड मिळत नाही. पॉलिश केलेल्या टाइल्सवर साप जागच्या जागी वळवळतो तो यामुळे.

आपल्याकडच्या जाती पाहिल्या तर एकाच जिल्ह्यात चालण्याचे सगळे प्रकार सापडतात. कवड्या साप खरबरीत भिंतीवर चढतो. अंगाचा एक भाग फटीत घट्ट रोवायचा, दुसरा पुढे लांबवायचा, मग तो रोवायचा. जाडजूड घोणस घाईत नसेल तर सरळ रेषेत, रेल्वेच्या डब्यासारखी सरकते, अजगरही तसाच. या चालीत बरगड्या हलतात असं पूर्वी मानलं जायचं. सिनसिनाटी विद्यापीठातल्या न्यूमन आणि जेन यांनी २०१८ मध्ये दाखवलं की हलते ती कातडी. स्नायू पोटाची कातडी पुढे ओढतात, ती जमिनीला धरते, मग सांगाडा आतून पुढे सरकतो. आणि फुरसं तिरकं पळतं. सैल मातीवर अंगाचे दोन-तीन तुकडेच टेकवतं, बाकी हवेत, आणि मागे तिरक्या समांतर रेघा उमटतात.

या तिरक्या चालीचा धडा रोबोटने थेट घेतलाय. अमेरिकेच्या वाळवंटातला एक रॅटलस्नेक असाच तिरका जातो. वाळूचा चढ आला की हा साप वेग वाढवत नाही, अंगाचा जास्त भाग वाळूला टेकवतो, हे जॉर्जिया टेक, कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडलं. कार्नेगी मेलनचा साप-रोबोट तोपर्यंत त्या चढावर घसरत होता. त्याला हीच युक्ती शिकवली आणि तो चढला. एकही नवी मोटर न लावता.

विचार न करता वळणं

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात बसेल. पुढची मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण सध्याच्या 'सगळं एआय करेल' या वातावरणात ती उलट्या दिशेला बोट दाखवते.

साधारण रोबोटची पद्धत कशी असते? कॅमेऱ्याने बघा, नकाशा बनवा, अडथळा कुठे ते ठरवा, त्याला चुकवणारा मार्ग आखा, मोटरला आदेश द्या. तुमचा घर झाडणारा रोबोट असाच चालतो. ढिगाऱ्यात ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. धूळ आणि अंधारात कॅमेऱ्याला काही दिसत नाही, आणि बनवलेला नकाशा पुढचा दगड हलला की खोटा ठरतो.

२०१९ मध्ये जॉर्जिया टेकच्या पेरिन शिबेल आणि सहकाऱ्यांनी एक छोटा, वेगवान वाळवंटी साप खुंट्यांच्या एका रांगेतून पळवला. पुन्हा पुन्हा. खुंट्यांना धडकून पलीकडे गेलेले साप कुठल्याही दिशेला विखुरले नाहीत. ठराविक कोनांवर त्यांची गर्दी झाली. बारावीच्या फिजिक्समध्ये प्रकाशाचं विवर्तन शिकलात ना, बारीक फटींतून गेलेल्या प्रकाशाचे पट्टे? चित्र तसंच दिसत होतं. साप दर वेळी बघून, विचार करून वळत असता तर असा ठोकळेबाज नमुना आला नसता.

त्यांनी लावलेला अर्थ असा. साप एकच लाट डोक्याकडून शेपटीकडे पाठवत राहतो. खुंटी लागली की शरीर तिथे आपोआप दबतं, वाकतं आणि लाट पुढे चालू राहते. हे जमतं कारण वळताना एका बाजूचेच स्नायू आवळलेले असतात. दुसरी बाजू सैल असते, म्हणून बाहेरून धक्का बसला तर अंग विरोध न करता वाकतं. अडथळ्याचा 'विचार' मेंदू करत नाही, शरीर करतं.

रोबोटच्या सांध्यात मात्र मोटर असते आणि मोटर आदेशाला चिकटून राहते. तीस अंश सांगितलं की तीस अंश. मध्ये दगड आला तर ती दगडाशी भांडते, तापते, गिअर तुटतो. यावर जॉर्जिया टेकच्याच गटाने २०२३ च्या अखेरीस वेगळा उपाय दाखवला. प्रेरणा सापाची नव्हती, मातीतल्या सूक्ष्म कृमीची होती, पण तत्त्व तेच. प्रत्येक सांध्याला दोन बाजूंनी दोन केबल, स्नायूंसारख्या. एक ताणलेली, दुसरी मुद्दाम सैल. सैलपणा किती ठेवायचा ते प्रोग्रॅममध्ये ठरवता येतं. असा रोबोट खुंट्यांच्या जंगलातून गेला, आणि खुंट्या ओळखणारा एकही सेन्सर त्याच्यावर नव्हता.

प्रोसेसर वाढवण्याऐवजी केबल सैल करणं हा उपाय ऐकायला गावठी वाटतो. पण घरात वायर टाकणारा वायरमन हेच करतो. पाइपातून वायर न्यायला तो आधी लवचिक पट्टी आत घालतो. कडक सळई पहिल्याच वळणावर अडते.

याचा अर्थ साप बिनडोक आहे असा नाही. ती चाल वेगात पळणाऱ्या एका छोट्या सापाची होती. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात चेन ली यांच्या प्रयोगशाळेत किंगस्नेक जातीच्या सापांपुढे उंच पायरी ठेवली, तर त्यांनी शरीराची चक्क तीन भागांत वाटणी केली. मागचा भाग खाली वळवळतो, पुढचा वर वळवळतो, आणि मधला ताठ राहून दोन पातळ्यांमध्ये पूल बांधतो. तसाच रोबोट बनवला तेव्हा कडक शरीराचा रोबोट उंच पायरीवर बाजूला कलंडू लागला. चाकांना स्प्रिंगसारखं सस्पेन्शन दिल्यावर तो सावरला. पण बॅटरी जास्त खाऊ लागला. फुकट काहीच मिळत नाही.

रील्समधला साप आणि खरा

साप-रोबोट ही कल्पना नवीन नाही. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शिगेओ हिरोसे यांनी १९७२ मध्येच चाकांवर सरपटणारी यांत्रिक साखळी चालवली होती. सापाच्या वळणाचं गणितही त्यांनी मांडलं: प्रत्येक सांधा साइन लाटेप्रमाणे हलवा, फक्त मागचा सांधा पुढच्यापेक्षा थोडा उशिरा. आजही बहुतेक साप-रोबोटचा पाया हाच आहे. नॉर्वेतल्या संशोधकांनी पुढे अडथळ्यांना ढकलून चालणारे रोबोट बनवले आणि या पद्धतीला नावच दिलं, अडथळ्याच्या मदतीने चालणं. नासाच्या जेपीएलने सुमारे चार मीटर लांब, शंभर किलोचा 'ईल्स' बनवून कॅनडातल्या हिमनदीवर तपासला. स्वप्न आहे शनीच्या एन्सेलॅडस या चंद्रावरच्या बर्फाच्या भेगांत उतरण्याचं. आपल्याकडे आयआयटी हैदराबादमध्येही बचावकार्यासाठी साप-रोबोटवर काम झालंय.

मग पन्नास वर्षांत हा अग्निशमन दलाच्या गाडीत का नाही पोहोचला? सप्टेंबर २०१७ मध्ये मेक्सिको सिटीत भूकंप झाला तेव्हा कार्नेगी मेलनचं पथक आपला रोबोट घेऊन पोहोचलं. साधारण पाच सेंटीमीटर जाड, मीटरभर लांब. कोसळलेल्या इमारतीत तो शिरला, आतलं चित्र पाठवलं. जिवंत कुणी सापडलं नाही. खऱ्या आपत्तीत या यंत्रांची कामगिरी बहुतेकदा इतपतच असते: डोळा म्हणून उपयोग, हात म्हणून नाही. त्याच्या मागे वीज आणि व्हिडिओसाठी लांब केबल असते आणि ती केबलच कुठेतरी अडकते. सापाला शंभराहून जास्त, काही जातींत तीनशे-चारशे मणके असतात. या रोबोटला सोळा-वीस सांधे. आणि कातडी? सापाला अंगभर स्पर्श कळतो. रोबोटच्या अंगावर असा सेन्सर चढवणं, तेही दगडांवर घासल्यावर टिकणारा, हे अजून महागडं आणि नाजूक काम आहे.

त्यामुळे ढिगाऱ्यातून सळसळत जाऊन माणसाला पाण्याची बाटली देणाऱ्या रोबोटची रील दिसली, तर आधी एआयने बनवलेली आहे का ते बघा. बहुतेक वेळा असते.

मराठवाड्याचा ढिगारा वेगळा आहे

आता आपल्या मातीत येऊ. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. किल्लारीच्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या घरांच्या भिंती जाड दगडांच्या, माती भरून बांधलेल्या, वर मातीचं जड माळवद. अशा जुन्या वाड्यांचे आणि घरांचे नमुने बीडमध्येही आहेत.

सिमेंटची इमारत पडते तेव्हा स्लॅब एकमेकांवर तिरके टेकतात आणि मध्ये पोकळ्या राहतात. साप-रोबोट त्या पोकळ्यांसाठी आहे. दगड-मातीचं घर पडतं तेव्हा माती सगळ्या फटी भरून टाकते. पोकळीच नसेल तर रोबोट जाणार कुठे? तिथे मांडूळ शिकवेल. मांडूळ फटीतून जात नाही, सैल मातीत घुसतं. मातीत घुसणारे रोबोट अजून प्रयोगशाळेतच आहेत. परदेशातला रोबोट विकत आणून किल्लारीसारख्या ढिगाऱ्यात चालेल असं कुणी सांगितलं तर हा फरक विचारा.

दुसरी जागा बोअरवेल. बालाघाटच्या काळ्या खडकात पाण्यासाठी शेकडो फूट भोकं पाडली जातात. पाणी लागलं नाही की पुढच्या जागेकडे, आणि जुनं भोक तसंच. व्यास सहा-आठ इंच. केसिंग पाइप वरच्या मातीपुरता, खाली नुसता खडक. जून २०२२ मध्ये छत्तीसगडच्या जांजगीर-चांपा जिल्ह्यात एक मुलगा अशाच बोअरवेलमध्ये साठ फुटांच्या आसपास अडकला होता. गुजरातहून रोबोट आणला, जमलं नाही. शेवटी शेजारी खड्डा घेऊन, आडवा बोगदा खोदून शंभराहून जास्त तासांनी त्याला जिवंत काढलं. त्या खड्ड्यात त्याच्यासोबत एक सापही होता, असं तेव्हा राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं होतं. साप त्याला चावला नाही.

साप-रोबोट इथे काय करू शकेल? कवड्यासारखा भोकाच्या भिंतींना टेकू देत उतरू शकेल, कॅमेरा आणि ऑक्सिजनची नळी नेऊ शकेल. पण मुलाने भोक पूर्ण व्यापलेलं असतं, त्याच्या खाली जाऊन आधार देणं जवळपास अशक्य. वरून ओढताना मूल आणखी खाली सरकण्याची भीती असते ती वेगळीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सोडून दिलेल्या बोअरवेलसाठी नियम घालून दिलेत: तोंडाला पोलादी झाकण, भोवती कुंपण, काम संपलं की भोक भरायचं. त्या झाकणाचा खर्च एका चांगल्या स्मार्टफोनपेक्षा कमी येतो. रोबोटवर लिहितानाही हे लिहावंच लागतं.

खरी मागणी मला दिसते ती कमी नाट्यमय जागी. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रासारख्या ठिकाणी, साखर कारखान्यांत, पाणीपुरवठा योजनांत किलोमीटरच्या हिशेबाने पाइप आणि बॉयलरच्या नळ्या आहेत. त्यांच्या आत जाऊन तडा, गंज, गाळ बघायचा आहे. कार्नेगी मेलनचा रोबोटही ऑस्ट्रियातल्या एका बंद अणुऊर्जा केंद्राच्या पाइपांत फिरवून तपासला होता. पाइपाचा आकार आधीच माहीत असतो, कुणाचा जीव घड्याळावर नसतो, आणि अडकला तर उद्या काढता येतो. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला असाल तर सुरुवात इथून होऊ शकते. बारा छोट्या सर्वो मोटर, एक आर्डुइनो बोर्ड, पोटाखाली मोकळी फिरणारी चाकं आणि हिरोसे यांची साइन लाट. गुळगुळीत फरशीवर चालला की त्याला विटांच्या मधून सोडा, आणि मग सांधे सैल करून बघा. खरं शिकणं तिथून सुरू होतं.

तोवर, खरा साप

एक गोष्ट विसरायला नको. बीडसाठी साप हा आधी रोबोटिक्सचा विषय नाही, जिवाचा आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० च्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. केंद्राने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं लक्ष्य ठेवलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना कळवलं. नोंदच नसेल तर प्रतिविष कुठे किती पाठवायचं हे ठरणार कसं? महाराष्ट्रात शेतकरी सर्पदंशाने गेला तर कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. योजना आपल्याच जिल्ह्यातल्या नेत्याच्या नावाची आहे, तरी कागदपत्रं वेळेत न जमवल्याने अनेक घरांची धावपळ होते.

सापाची चाल कळली की सावधपणाही नेमका होतो. साप भिंतीच्या कडेकडेने जातो कारण त्याला एका बाजूने टेकू हवा असतो. म्हणून अंधारात भिंतीलगत, बांधालगत हात-पाय घालण्याआधी टॉर्च मारा, मोबाईलचा चालेल. रचलेली लाकडं, विटांचा ढीग, पाचटाची कोपी ही त्याच्यासाठी तयार खुंट्यांची जागा आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेला माणूस तिला वाटेतला उंचवटाच. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हा साधा उपाय आहे. चावलाच तर चिरा नको, करकचून बांधणं नको, बाबा-बुवा नको. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. साप घरात दिसला तर मारू नका आणि व्हिडिओसाठी जवळ जाऊ नका. वनविभागाला किंवा सर्पमित्राला कळवा. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सोनवणे दांपत्याचं 'सर्पराज्ञी' केंद्र जखमी वन्यजीवांवर उपचार करून त्यांना परत सोडण्याचं काम वर्षानुवर्षं करतंय. आपल्या जिल्ह्यात साप जवळून समजून घ्यायचा असेल तर अशा माणसांकडून घ्यावा.

राहिला सुरुवातीचा प्रश्न, रोबोट नाही का आपल्याकडे. समजा उद्या चांगला साप-रोबोट आला, तर तो ठेवणार कुठे? एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे, बीडपासून रस्त्याने पाच तासांच्या आसपास. राज्याच्या एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. ढिगाऱ्यात अडकलेल्यासाठी पहिले काही तास सगळ्यात मोलाचे असतात आणि तेव्हा तिथे असतात गावकरी, पोलीस आणि नगरपालिकेचा बंब. त्या बंबात आज एक लांब केबलचा, टोकाला दिवा आणि माइक असलेला साधा कॅमेरा असला तरी फरक पडेल. सिल्क्यारात पहिला चेहरा तसल्याच कॅमेऱ्याने दाखवला होता. तुमच्या तालुक्याच्या बंबात तो आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाची फी १० रुपये.